साफ केल्यावरच अडणारं पिस्तूल, जड चालणारं रिव्हॉल्व्हर: आधी काय तपासायचं आणि कुठे थांबायचं

दसऱ्याला शस्त्रपूजन असतं म्हणून आदल्या दिवशी कपाटातलं हत्यार बाहेर निघतं, उघडलं जातं, तेल पाजलं जातं. आठवडाभरात तक्रार येते: साफ करायच्या आधी बरं होतं, आता अडतं. निवडणूक संपून पोलीस ठाण्यात जमा केलेली हत्यारं परत मिळाली की हेच पुन्हा ऐकू येतं. २०२४ मध्ये तर दोन फेऱ्या झाल्या. लोकसभेचं मतदान विदर्भात १९ आणि २६ एप्रिलला झालं, विधानसभेचं २० नोव्हेंबरला. म्हणजे ज्यांना दोन्ही वेळा जमा करावं लागलं, त्यांचं हत्यार घरी आलं ते ऐन पावसाच्या तोंडावर, आणि दिवाळीच्या सुमारास पुन्हा मालखान्यात गेलं.

या तक्रारींत खराखुरा बिघाड क्वचितच असतो. बहुतेक वेळा तेल चुकलेलं असतं किंवा जास्त झालेलं असतं, एखादी स्प्रिंग उलटी बसलेली असते, नाहीतर जे उघडायचंच नव्हतं ते उघडलेलं असतं. पुढचं सगळं परवान्यावर मिळणाऱ्या ३२ बोरच्या पिस्तूल-रिव्हॉल्व्हरबद्दल आहे, थोडं २२ बोरबद्दल. बारा बोर दुनळीची गोष्ट वेगळी, ती इथे नाही.

लक्षणं

पिस्तुलात हे दिसतं: स्लाइड (वरचा मागेपुढे सरकणारा भाग) पूर्ण पुढे जात नाही, दोन-तीन मिलिमीटर मागेच थांबते. चाप ओढला तरी काहीच होत नाही. घोडा पडतो पण काडतूस फुटत नाही, टोपीवर (काडतुसाच्या बुडाशी ठोका बसतो त्या जागी) नुसता हलका खळगा दिसतो. रिकामी पुंगळी बाहेर न पडता स्लाइडमध्ये उभी अडकते. मॅगझिनमधलं दुसरं काडतूस वर येत नाही. किंवा सगळं जोडून झालं आणि चटईवर एक बारीक तुकडा उरला.

रिव्हॉल्व्हरमध्ये: सिलिंडर बंद होताना घासतो किंवा बंदच होत नाही. चाप एका घराला (सिलिंडरमधल्या काडतुसाच्या भोकाला) हलका, दुसऱ्या घराला जड. सिलिंडर उघडायला जोर लागतो. काडतूस घरात शेवटपर्यंत उतरत नाही.

एकच लक्षण वारंवार येतं की रोज वेगळं, ते लिहून ठेवा. चाप सहापैकी एकाच घराला जड लागत असेल तर दोष त्या घरापाशी आहे. सहाही घरांना जड असेल तर चांदणीखाली (पुंगळ्या उचलणारी चकती, पुढे येते), तिच्या दांड्यात किंवा आतल्या कळीत.

हात लावण्याआधी

आधी मॅगझिन काढा, मग स्लाइड मागे ओढा. हा क्रम उलटा झाला तर स्लाइड पुढे जाताना मॅगझिनमधलं पुढचं काडतूस नळीत ढकलते आणि हत्यार रिकामं आहे असं वाटत राहतं. साफ करताना सुटलेल्या गोळ्यांमागे बहुतेकदा हीच चूक असते. स्लाइड मागे धरून चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं तिथे, डोळ्यांनी पाहा, मग करंगळीचं टोक घालून चाचपा. संध्याकाळी लाइट गेलेली असते, बॅटरीच्या उजेडात पितळी कड दिसत नाही, बोटाला कळते. रिव्हॉल्व्हरची सहाही घरं मोजा.

काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा, कामाच्या जागी एकही नको. नळीचं तोंड रेतीनं भरलेल्या बादलीकडे. घरातली लेकरं बाहेर. परवान्यावर नाव नसलेल्या माणसाच्या हाती साफ करायलासुद्धा हत्यार देऊ नका, मग तो घरचा गडी का असेना.

खाली पांढरं धोतर किंवा जुनी चादर अंथरा. शेणानं सारवलेल्या जमिनीवर किंवा बाजेवर बसून उघडलेल्या पिस्तुलाची स्प्रिंग पुन्हा सापडेल याची हमी नाही. मोबाइल जवळ ठेवा आणि प्रत्येक तुकडा काढण्याआधी त्याचा फोटो घ्या. इतका स्वस्त उपाय दुसरा नाही, आणि नेमका हाच कोणी करत नाही.

पहिली तपासणी: बिघाड आहे तरी का?

खर्च शून्य, वेळ एक मिनिट. ब्राउनिंगच्या १९१० ढंगाच्या, म्हणजे त्या जुन्या नमुन्यावर बेतलेल्या, पिस्तुलांना तीन सुरक्षा असतात: बाजूचा खटका, मुठीमागची दाबपट्टी आणि मॅगझिनची सुरक्षा. मॅगझिन बाहेर असताना चाप चालतच नाही. साफ करून मॅगझिन टेबलावर ठेवायचं, चाप ओढून बघायचा आणि बिघडलं म्हणून पुन्हा उघडायचं, हा खेळ फार चालतो. रिकामं मॅगझिन घाला, मूठ पूर्ण पकडीत घ्या, खटका खाली करा आणि मग बघा.

मॅगझिन पूर्ण वर बसलंय का तेही पाहा. अर्धवट बसलेलं मॅगझिन काडतूस वर देत नाही. तळाला हाताची थाप द्या, ‘टक’ आवाज यायला हवा.

दुसरी तपासणी: तेल

इथे जास्त वेळ द्या, कारण आपल्याकडे निम्मी भानगड तेलाचीच असते.

घरात जे तेल सापडेल ते घालायची सवय आहे. जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन शोषून वाळतं आणि त्याची चिवट साय बनते. रंगात आणि लाकडाच्या पॉलिशमध्ये ते त्यासाठीच वापरतात. लाकडी मुठीवर दोन थेंब चोळले तर लाकूड छान दिसतं, पण स्लाइडच्या खाचेत गेलं की महिनाभरात गोंद. करडीचं तेलही वाळणाऱ्या तेलांतलंच. खोबरेल वाळत नाही, पण साधारण २४ अंशांखाली गोठायला लागतं, आणि नागपूर-गोंदियाकडे पूस-माघात रात्रीचा पारा १० च्याही खाली जातो. उन्हाळ्यात चाललेलं पिस्तूल थंडीत टोपीला हलका ठोका देतं, कारण टोपीवर ठोका देणाऱ्या फायरिंग पिनच्या नळकांड्यात मेणासारखं खोबरेल साचलेलं असतं. मोहाच्या बियांच्या तेलाचंही असंच. गोडेतेल, सरकीचं तेल, तूप, सगळीच बाद.

एक सावधगिरीची गोष्ट. जवसाच्या तेलानं भिजलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकल्या तर त्या आतून तापतात आणि आपोआप पेट घेऊ शकतात. घरात भावाची वाट बघत कापूस साठवलेला असेल तर हे विसरू नका. चिंधी पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून फेका.

चालतं काय? बंदुकीचं तेल मिळालं तर उत्तम. नाहीतर शिलाई मशीनचं पातळ, बिनरंगी तेल. पिस्तुलाला चार-पाच थेंब, रिव्हॉल्व्हरला तीन-चार. दोन्ही बाजूंच्या स्लाइडच्या खाचांत एकेक, नळीच्या बाहेरच्या अंगावर एक बोटाने पसरून, घोड्याच्या बाजूला एक. सिलिंडरच्या दांड्याला एक. बस्स. तेल दिसायला नको, बोट फिरवल्यावर बोट चमकावं इतकंच. ‘भरपूर पाजलं म्हणजे चांगलं चालतं’ हे बैलगाडीच्या आखाला ठीक आहे.

जास्त तेल का वाईट, तर आपली काळी माती. तिची धूळ पिठासारखी बारीक असते आणि तेलात मिसळली की लुगदी होते. यवतमाळ-वर्ध्याकडच्या घरांत कापसाचे तंतू हवेत तरंगत असतात, तेही चिकटतात. वर दसऱ्याची हळद-कुंकू. पूजेच्या वेळी स्लाइड बंद, मॅगझिन बसवलेलं रिकामं हत्यार ठेवा आणि कुंकू मुठीला किंवा म्यानाला लावा, नळीच्या तोंडाला आणि घोड्याच्या फटीत नको. गेलंच असेल तर ओल्या फडक्यानं नाही, आधी कोरड्या ब्रशनं झटका.

उपाय: जुना दातघासणीचा ब्रश आणि थोडं रॉकेल. खाचा, स्लाइडची पोटाकडची बाजू, चेंबरचं तोंड घासून चिकटा काढा. रॉकेल घाण विरघळवतं पण राखण करत नाही. ते उडून गेलं की उघडं लोखंड उरतं आणि झडीच्या दिवसांत दोन रात्रींत तांबूस डाग येतात. म्हणून रॉकेलनंतर कोरडं सुती फडकं दोनदा आणि मग वर सांगितलेले थेंब. पेट्रोल वापरू नका. त्याची वाफ चुलीपर्यंत जाते, आणि मुठीचं पॉलिश आणि काही प्लास्टिकही खराब करते. डब्ल्यूडी-४० ओल हटवायला बरं, पण वंगण म्हणून टिकत नाही, आणि काडतुसांच्या जवळपास फवारू नका. पातळ तेल टोपीच्या फटीतून आत शिरतं आणि काडतूस मुकं होतं.

इतकं करून पुन्हा तपासा. अडणं थांबलं तर पुढे वाचायची गरज नाही.

तिसरी तपासणी: मॅगझिन

मॅगझिनला तेल लावायचं नाही. आतून कोरडं, बाहेरून तेलाचा हात फिरवून पुसलेलं. आतल्या तेलानं धूळ धरते आणि तेच तेल काडतुसांच्या टोप्यांना लागतं.

मॅगझिन उघडून साफ केलं असेल तर त्याची स्प्रिंग उलटी बसलेली असू शकते. वरच्या टोकाचा वेढा पुढच्या बाजूला, म्हणजे गोळीच्या टोकाकडे, चढता हवा. उलटी बसली तर वरची पट्टी पुढे झुकते, काडतुसाचं नाक खाली जातं आणि ते चेंबरऐवजी समोरच्या उतारावर आदळतं. डमी काडतुसं असतील तर तीन घालून बघा. नसतील तर वरची पट्टी बोटानं खाली दाबून सोडा: एकसारखी, न अडखळता वर यायला हवी. ओठ, म्हणजे काडतूस धरणाऱ्या वरच्या दोन कडा, वाकलेल्या दिसल्या तर पकडीनं सरळ करायच्या भरीस पडू नका. अर्ध्या मिलिमीटरचा फरक पुरतो. नवं मॅगझिन परवानाधारक दुकानातूनच घ्या. शस्त्र कायद्यात हत्याराचे सुटे भागही ‘शस्त्र’च धरले जातात.

चौथी तपासणी: रिव्हॉल्व्हरची चांदणी

सिलिंडर उघडून पुढचा दांडा दाबला की रिकाम्या पुंगळ्या उचलणारी सहा टोकांची चकती वर येते. तिला इथे चांदणी म्हणू. तिच्याखाली न जळलेल्या दारूचा एक दाणा, कापसाचा एक तंतू किंवा कुंकवाचा कण अडकला की चकती पूर्ण खाली बसत नाही, सिलिंडर मागच्या भिंतीला घासतो आणि चाप जड होतो. सिलिंडर घासतो म्हणून घेऊन आलेल्या रिव्हॉल्व्हरमध्ये सगळ्यात आधी हीच जागा बघायची.

दांडा दाबून धरा, चांदणीच्या खालची बाजू आणि ती बसते तो खड्डा दोन्ही कोरड्या ब्रशनं साफ करा. चिकटलेलं असेल तर बांबूच्या कामटीला चपटं टोक काढून खरवडा, सुई किंवा खिळा नको. इथे तेल लावू नका, पुसून कोरडंच ठेवा. पुढच्या वेळी पुंगळ्या काढताना नळीचं तोंड आभाळाकडे करून दांडा दाबा, म्हणजे दाणे बाहेर पडतील, चांदणीखाली शिरणार नाहीत.

उघडण्याची पद्धत मात्र हत्याराप्रमाणे वेगळी. कानपूरचं ‘निर्भीक’ (२०१४) वरची कळ दाबून मधून मोडतं, आणि मोडताना चांदणी आपोआप वर येते. ‘प्रबल’ (२०२३) मध्ये सिलिंडर बाजूला सरकतो. मोडणाऱ्या रिव्हॉल्व्हरला झटक्यानं उघडमिट करायची सिनेमातली सवय बिजागरीचा खिळा आणि वरची कळ सैल करते. दोन्ही हातांनी, हळू.

बाजूला सरकणाऱ्यात सिलिंडर उघडायला जोर लागत असेल तर बहुधा दांडा आट्यातून थोडा सुटून लांब झालेला असतो. रिकाम्या पुंगळ्या दोन-तीन घरांत घालून, म्हणजे चांदणीला आधार मिळेल, बोटांनी घट्ट करून बघा. काहींत उजवे आटे असतात, काहींत डावे. एका बाजूला फिरेना म्हणून पकड लावली की दांड्यावर दातांचे व्रण पडतात आणि तो वाकतो.

पाचवी तपासणी: चेंबर आणि नळी

काडतूस पूर्ण उतरत नसेल तर घराच्या आतल्या कडेला शिसं आणि काजळीचं कडं जमलेलं असतं. ३२ च्या लांब काडतुसाच्या रिव्हॉल्व्हरमध्ये आखूड काडतुसं वापरली की हे कडं हमखास होतं, कारण पुंगळी जिथे संपते तिथे राख साचते आणि नंतर लांब पुंगळी तिथे अडते. पितळी किंवा काशाचा ब्रश, थोडं रॉकेल, प्रत्येक घरात १०-१२ फेऱ्या, मग कोरडी पट्टी.

नळीसाठी लाकडी किंवा पितळी सळई आणि इंचभर चौरस सुती पट्ट्या. जुनं धोतर सगळ्यात चांगलं. वावरातला कापूस तसाच वापरू नका, त्याचे तंतू एक्सट्रॅक्टरच्या (पुंगळी ओढून काढणाऱ्या पट्टीच्या) नखाखाली राहतात. सायकलची तार सर्रास वापरली जाते, आणि तीच नळीच्या तोंडाची कड ओरबाडते. त्या कडेवर गोळीचा नेम ठरतो. पिस्तुलात शक्य असेल तिथे मागून पुढे साफ करा. रिव्हॉल्व्हरमध्ये तोंडाकडूनच जावं लागतं, म्हणून सळई बोटांच्या चिमटीत मध्यभागी धरा, कडेला टेकू देऊ नका.

उजेडाकडे धरून नळीत पाहा. उजेडाची लकेर सरळ, चमकदार असावी. आत काळी अंगठीसारखी रेघ दिसली आणि तिथेच बाहेरून बोटाला बारीक उंचवटा लागला, तर नळी फुगलेली आहे. सगळं बंद करा आणि थेट शेवटच्या भागात सांगितल्याप्रमाणे करा.

गंजाबद्दल. तांबूस थर असेल तर तेल लावून २४ तास ठेवा, मग जाड सुती फडक्यानं घासा. लिंबू, चिंच, संडास साफ करायचं ॲसिड नको. हत्याराचा काळा-निळा रंग हाही लोखंडाचा ऑक्साइडच असतो, आंबटानं तोही जातो. पॉलिश पेपर तर अजिबात नको, विशेषतः क्रमांक कोरलेल्या जागी. क्रमांक किंवा ओळखीची खूण पुसणं, खरवडणं हा शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ८ खाली गुन्हा आहे, आणि ‘गंज काढत होतो’ हे ठाण्यात पटवून देणं जड जातं.

चामड्याच्या म्यानात हत्यार ठेवू नका. चामडं ओल धरतं आणि कमावण्यातले क्षार लोखंडाला खातात. जमा करतानासुद्धा म्यान घरी ठेवा, हत्यारावर तेलाचा पातळ हात फिरवून सुती पिशवीत द्या.

सहावी तपासणी: पिस्तुलाची जोडणी

इथून पुढे हत्यार उघडावं लागतं. मोबाइलवर उघडझाक दाखवणारे व्हिडिओ बहुतेक ९ मिलिमीटर पिस्तुलांचे असतात. ते बोर आपल्याकडे सामान्य परवान्यावर मिळत नाही, आणि त्यांची नळी झुकून बाहेर निघते. आपल्या ३२ च्या पिस्तुलांत नळी फ्रेमला धरून असते. वॉल्थर पीपी आणि पीपीकेमध्ये तर ती पिन ठोकून पक्की केलेली असते. व्हिडिओ बघून ती ओढून काढायचा प्रयत्न म्हणजे फ्रेम नासवणं.

पीपी-पीपीके: मॅगझिन काढा, चापाभोवतीची कमान खाली ओढून जराशी बाजूला टेकवा, स्लाइड पूर्ण मागे, मागचं टोक वर उचला, मग हळूहळू पुढे सोडा. चार हालचाली, संपलं. नळीवरची स्प्रिंग काढायची तर तिचं कोणतं टोक मागे होतं ते फोटोत पकडा, कारण दोन्ही टोकांचे वेढे सारखे नसतात. उलटी बसली तर ती नळीवर चावते आणि स्लाइड शेवटचे दोन-तीन मिलिमीटर पुढे जात नाही. तक्रारीतलं पहिलं लक्षण बहुधा इथूनच येतं. स्प्रिंग ठीक असेल आणि तरीही स्लाइड मागे राहत असेल तर कमान पूर्ण वर बसली आहे का ते बघा.

ब्राउनिंग १९१० ढंग: हे जास्त त्रास देतं. स्प्रिंग नळीभोवती असते आणि तोंडाजवळच्या खाचेदार कड्यानं दाबून धरलेली असते. कडं आत दाबून फिरवायचं, आणि ते सुटताना अंगठा त्यावरून काढायचा नाही. स्प्रिंग ताणलेली असते, सुटली तर कौलापर्यंत जाते आणि डोळ्याला लागली तर डोळा जातो. चष्मा घाला, पिस्तूल मोठ्या पारदर्शक पिशवीत धरून कडं फिरवा, म्हणजे उडालं तरी पिशवीतच राहील. नंतर स्लाइड मागे धरून नळी फिरवायची, म्हणजे तिच्या पोटाचे दात फ्रेमच्या खाचांतून सुटतात आणि स्लाइड नळीसकट पुढे निघते.

स्लाइड निघाल्यावर ती उलटी करू नका. फायरिंग पिन, तिची स्प्रिंग आणि स्प्रिंगमधली काडी मागून घसरून पडू शकतात. चटईवर उरणारा ‘जास्तीचा’ तुकडा बहुतेकदा हीच काडी. ती न घालता जोडलं की पिस्तूल बाहेरून धडधाकट दिसतं, आणि टोपीवर नुसता खळगा पडतो.

जोडताना नळीचे दात खाचेत पूर्ण गेले नाहीत तर स्लाइड वाकडी बसते. हातोडी, दगड, पायाचा दाब काही नको. बरोबर जुळलं की हे पिस्तूल दोन बोटांनी बसतं, बसत नसेल तर जुळलेलं नाही.

२२ बोरच्या रुगर मार्क १, २ आणि ३ बद्दल थोडक्यात, नेमबाज मुलांकडे ते असतं म्हणून. उघडायला सोपं, जोडायला कुप्रसिद्ध. मुठीमागचा तुकडा बसवताना घोडा पडलेला हवा आणि घोड्याला जोडलेली काडी त्या तुकड्यातल्या खळग्यातच टेकायला हवी. नाही टेकली तर बोल्ट (मागेपुढे सरकणारा तुकडा) अर्धाच मागे येतो. जोर न लावता पुन्हा उघडा, नळीचं तोंड वर-खाली तिरपं करून काडी जागेवर झुलू द्या. २०१६ च्या मार्क ४ मध्ये हा त्रास काढून टाकला आहे. आणि २२ बोर रिकामं असताना चाप ओढत बसू नका, पिन चेंबरच्या कडेवर आदळून दोन्ही खराब होतात.

सातवी तपासणी: नख, पिन आणि फट

पुंगळी अडकत असेल तर एक्सट्रॅक्टरच्या नखाखाली कामटीनं साफ करा. नख बोटानं दाबल्यावर परत यायला हवं. तुटलं असेल तर उपाय घरी नाही.

ठोका हलका वाटतो का? फुटलं नाही ते काडतूस पाहा, पण चाप ओढल्यावर बार निघाला नाही तर तीस सेकंद तोंड सुरक्षित दिशेला धरूनच ठेवा, मग काढा. खळगा खोल असेल तर काडतूस जुनं किंवा ओलावलेलं आहे, हत्यार नाही. खळगा उथळ असेल तर पिनच्या नळकांड्यात चिकटा आहे, नाहीतर स्प्रिंग थकली आहे.

रिव्हॉल्व्हर सगळं साफ करूनही घासत असेल तर सिलिंडर आणि नळी यांच्यातली फट मोजा. मोटारसायकलचे व्हॉल्व्ह बसवायचं फिलर गेज चालतं, साधारण ०.१० ते ०.२५ मिलिमीटर फट ठीक. गेज मिस्त्रीकडून घरी आणा, रिव्हॉल्व्हर मिस्त्रीकडे नेऊ नका.

जोडून झाल्यावर, हत्यार रिकामं असताना, बाहेर घोडा असलेल्या पिस्तुलात: खटका लावून चाप ओढा, घोडा पडता कामा नये (पीपी-पीपीकेत खटका लावतानाच घोडा पडतो, तो दोष नाही). मग खटका काढा, चाप ओढून तसाच दाबून धरा, स्लाइड मागे ओढून सोडा. घोडा वर राहिला पाहिजे, आणि चाप सोडून पुन्हा ओढल्यावरच पडला पाहिजे. यातलं एकही चुकलं तर त्या हत्यारात काडतूस घालायचं नाही.

इथे थांबा

रिव्हॉल्व्हरची बाजूची पट्टी काढू नका. आत ज्या स्प्रिंगा आणि कळा एकमेकांवर टेकलेल्या असतात, त्या पुन्हा बसवायला अवजारं आणि सराव दोन्ही लागतात, आणि पट्टी स्क्रूड्रायव्हरनं उचकटली की फ्रेमची कड कायमची वाकते. घोड्याची, चापाची, सियरची (घोडा अडवून धरणाऱ्या कळीची) जागा घासून ‘चाप हलका’ करणं तर सरळ सरळ अपघाताला आमंत्रण.

नळीत फुगवटा, फ्रेम किंवा स्लाइडला चीर, खटका न धरणं, चाप न ओढता घोडा पडणं, सिलिंडर घोड्यासमोर नेमका न थांबणं, बार निघताना बाजूनं शिशाचे कण उडणं, स्क्रूचं डोकं फाटणं, तुकडा हरवणं: यांपैकी काहीही असेल तर परवानाधारक आर्मरर, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणारा. चेंबरमध्ये जिवंत काडतूस अडकलं असेल तर तोंडाकडून सळई घालून ठोकू नका, ते मागे टेकून फुटू शकतं. तोंड रेतीकडे ठेवून आर्मररला फोन करा, तो सांगेल तसं करा.

गावचा लोहार, लेथवाला, सायकलवाला हुशार असेल, पण शस्त्र कायद्याच्या कलम ५ प्रमाणे हत्यार दुरुस्त करायला स्वतंत्र परवाना लागतो. त्याच्या हाती दिलंत तर अडचणीत तोही येतो आणि तुम्हीही.

नेताना हत्यार रिकामं, काडतुसं वेगळ्या डब्यात, परवाना सोबत, आणि दुरुस्तीला ठेवल्याची पावती घ्या, तीवर हत्याराचा क्रमांक तपासून. लक्षणं लिहिलेला कागद आणि उघडताना काढलेले फोटो दाखवा, तासाभराचं काम वाचतं. स्वतः काय काय उघडलं ते लपवू नका. आणि चटईवर उरलेला तो तुकडा, कितीही बारीक असला तरी, काडेपेटीत घालून सोबत न्या.